चेंडू येण्याआधीचा क्षण : जॅक काइल यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या खेपेस आयर्लंडच्या रग्बीचा ओझरता उल्लेख करताना मी जॅक काइल यांना 'त्या देशाने घडवलेला सर्वोत्तम खेळाडू' असे म्हणून गेलो. त्यावर आलेल्या पत्रांत कौतुकापेक्षा शंका अधिक आहेत. शंका रास्त आहेत, म्हणून आजचे सदर त्यांनाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न (सांगली) : नोंदींप्रमाणे काइल यांनी १९४७ ते १९५८ या काळात आयर्लंडकडून ४६ सामन्यांत ७ ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणे) आणि १ ड्रॉप गोल (हातातला चेंडू खाली सोडून, टप्पा पडताच लाथेने गोलखांबांमधून मारणे) केला. म्हणजे अकरा वर्षांत अवघे २४ गुण. एवढ्या भांडवलावर कोणी 'सर्वोत्तम' कसा ठरतो?

आपण हिशेब अचूक केला आहे, फक्त आजच्या तराजूत तो तोलता येत नाही. त्या काळी ट्रायला तीनच गुण होते. चार झाले १९७१ मध्ये आणि पाच १९९२ मध्ये. शिवाय तेव्हा मैदानाच्या कोणत्याही भागातून चेंडू थेट बाजूरेषेबाहेर मारून पुढची जागा पदरात पाडून घेता येत असे. त्यामुळे सावध संघ सारा वेळ तेवढेच करत राहिला तरी नियम त्याला अडवत नव्हते. १९६३ मध्ये स्कॉटलंड आणि वेल्स यांच्या एका सामन्यात चेंडू बाजूरेषेबाहेर जाऊन तब्बल १११ वेळा लाइनआउट (बाहेरून आत फेकलेला चेंडू मिळवण्यासाठी दोन्ही संघांनी समोरासमोर रांगा करणे) झाले, यावरून त्या खेळाची चाल कशी होती याची कल्पना यावी. लाइनआउटच्या वेळी दोन्ही संघांच्या मागच्या फळ्यांनी दहा यार्ड मागे राहावे हा नियमही १९६४ मध्ये आला. त्याआधी प्रतिस्पर्धी अक्षरशः अंगावर उभे असत. ३-०, ६-३, ५-० असे निकाल त्या काळी सर्रास लागत, ते यामुळे.

आता काइल यांची जागा पाहू. ते फ्लाय-हाफ होते. स्क्रममधून, म्हणजे दोन्ही संघांचे पुढच्या फळीचे खेळाडू (फॉरवर्ड) खांदे भिडवून एकमेकांना रेटतात त्या घोळक्यातून, चेंडू बाहेर आला की स्क्रम-हाफ तो उचलून तिरक्या रेषेत मागे उभ्या असलेल्या फ्लाय-हाफकडे फेकतो, आणि पुढे काय करायचे हे फ्लाय-हाफला तेथल्या तेथे ठरवावे लागते : लाथ मारायची, पास द्यायचा की स्वतः धावायचे. चेंडू कातडी असे आणि पावसात भिजून जड व निसरडा होई. तेवढ्यात प्रतिपक्षाचे विंग-फॉरवर्ड स्क्रमची कड सोडून थेट याच माणसावर झेपावत. म्हणजे निर्णयाला वेळ मिळतच नसे. चेंडू हातात येण्याआधीच समोरचे चित्र डोळ्यांत उतरलेले असावे लागे, आणि काइल यांचे मोठेपण नेमके तेथे होते. बहुतेक वेळा ते मुकाट्याने पास देत किंवा लाथ मारून आपल्या फॉरवर्डना पुढे नेत. तासभर असेच चालले की नवख्या प्रेक्षकाला हा मनुष्य मैदानात आहे की नाही असे वाटावे. मग एखाद्या क्षणी समोरच्या दोघांत हातभर फट पडे. खांदा एकीकडे, पाऊल दुसरीकडे अशी, कबड्डीत मुरलेल्या चढाईपटूसारखी हुलकावणी देऊन ते त्या फटीतून निघून जात आणि मागे उरलेल्यांना आपण कोठे चुकलो हे वळून पाहिल्यावरच कळे. जानेवारी १९५३ मध्ये बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर फ्रान्सविरुद्ध त्यांनी अशीच एक ट्राय केली. त्यानंतर हाती न लागणाऱ्या एका नायकावरचे प्रसिद्ध इंग्रजी कवन वृत्तपत्रात त्यांच्या नावाने फिरवून छापले गेले आणि ते आयर्लंडमध्ये अजून लोकांच्या तोंडी आहे.

सात हा आकडा म्हणूनच मला कमी वाटत नाही. इतरांच्या किती ट्रायमागे त्यांचा पास किंवा त्यांची लाथ होती याचे रकाने त्या काळी कोणी मांडले नाहीत. मांडले असते तर हा प्रश्न आपल्याला पडला नसता असे माझे मत आहे.

प्रश्न (नाशिक) : १९४८ च्या 'ग्रँड स्लॅम'मुळे काइल अजरामर झाले असे वाचतो. त्या यशाची हकिकत सांगाल का?

आधी एक खुलासा. 'ग्रँड स्लॅम' म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड आणि फ्रान्स यांच्या पंचराष्ट्रीय स्पर्धेतील चारही प्रतिस्पर्ध्यांना एकाच मोसमात हरवणे. पण रग्बीत हा शब्द १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळला. १९४८ मध्ये मैदानात उतरलेल्या आयरिश खेळाडूंच्या मनात होता तो 'ट्रिपल क्राउन', म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिघांवर विजय. आयर्लंडने तो मान शेवटचा मिळवला होता १८९९ मध्ये. गंमत अशी की या मानाला तेव्हा कसला चषकही नव्हता. इंग्लंड आणि स्कॉटलंड मात्र आपसातल्या सामन्यासाठी कलकत्त्याच्या एका बंद पडलेल्या क्लबने चांदीचे रुपये वितळवून घडवलेल्या चषकावर १८७९ पासून झुंजत आले होते. आयरिश लोक एकोणपन्नास वर्षे निव्वळ एका नावासाठी झुरत होते.

१ जानेवारी १९४८ रोजी पॅरिसजवळच्या कोलोंब येथे फ्रान्सवर १३-६ असा विजय मिळाला. फेब्रुवारीत ट्विकनहॅमला इंग्लंडला ११-१० असे निसटते हरवले. त्या सामन्यात काइल यांनी ट्राय केली आणि पुढे त्यांचाच एक पास इंग्लंडच्या डिकी गेस्ट यांनी मध्येच झेलून ट्राय केली, तेव्हा जिंकलेला सामना हातचा जातो की काय अशी वेळ आली होती. ही चूक काइल पुढे स्वतःच सांगत, हे मला त्यांच्या स्वभावाचे लक्षण वाटते. डब्लिनला स्कॉटलंडवर ६-० असा विजय मिळाला आणि त्यातही त्यांची ट्राय होती.

राहिला वेल्स. १३ मार्च १९४८, रेव्हनहिल. मध्यंतराला ३-३ अशी बरोबरी होती. पहिल्या डावात आयर्लंडसाठी बार्नी मुलन यांनी आणि वेल्ससाठी ब्लेडिन विल्यम्स यांनी ट्राय केली होती. दुसऱ्या डावात स्क्रमच्या पहिल्या ओळीत प्रॉपच्या जागी खेळणारे ख्रिस डेली हे धिप्पाड गृहस्थ पायाने चेंडू पुढे ढकलत गेले आणि गोलरेषेपलीकडे त्यांनी त्यावर अंग टाकले. परत येताना ते म्हणाले, आता वेल्सने गुण केले नाहीत तर मला संतपद मिळेल, अशी कथा सांगतात. वेल्सने गुण केले नाहीत. शेवटची शिटी वाजल्यावर गर्दी मैदानात घुसली आणि डेलींच्या अंगावरची जर्सी फाडून तिचे तुकडे लोकांनी आठवण म्हणून नेले. त्या दिवशीचा नायक डेली होता, काइल नव्हते, आणि हे काइल यांच्याइतके आनंदाने कोणी मान्य केले नसेल. कर्णधार होते कार्ल मुलन (बार्नी मुलन वेगळे); ते हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या ओळीच्या मध्यभागी खेळणारे. या संघाची खरी ताकद बिल मॅके, जिम मॅकार्थी आणि डेस ओब्रायन या स्क्रमच्या मागच्या ओळीत होती. ही मंडळी समोरच्या फ्लाय-हाफला जगू देत नसत, त्यामुळे काइल यांच्यावरचा टॅकलचा, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला धरून पाडण्याचा, भार हलका होई आणि ते मागची बाजू राखायला मोकळे राहत.

आणखी दोन मोसमांचा उल्लेख करायला हवा. १९४९ मध्ये फ्रान्सकडून हार पत्करूनही आयर्लंडने पुन्हा ट्रिपल क्राउन आणि अजिंक्यपद मिळवले. १९५१ ची गोष्ट मात्र चुटपुट लावणारी आहे. फ्रान्स, इंग्लंड आणि स्कॉटलंड यांना हरवून संघ कार्डिफला गेला. गोलवर लाथ मारणारे भरवशाचे खेळाडू जॉर्ज नॉर्टन स्कॉटलंडविरुद्ध जखमी झाले होते. काइल यांनी ट्राय केली. वेल्सने एका पेनल्टीवर, म्हणजे नियमभंगाबद्दल मिळालेल्या गोलच्या लाथेवर, तीन गुण केले. ट्रायनंतरची दोन गुणांची लाथ पडली असती तर ५-३ असा विजय आणि दुसरा ग्रँड स्लॅम होता. ती पडली नाही, ३-३ वर सामना संपला. अजिंक्यपद मिळाले, बाकी सारे निसटले. त्याच सामन्यात वेल्सकडून क्लिफ मॉर्गन पदार्पण करत होते, तेही फ्लाय-हाफ म्हणून, म्हणजे थेट काइल यांच्यासमोर. सामन्याआधी काइल यांनी या पोराच्या खांद्यावर हात टाकून पहिला सामना छान होवो अशी शुभेच्छा दिली, हे मॉर्गन जन्मभर सांगत राहिले.

प्रश्न (डोंबिवली) : १९५० च्या लायन्स दौऱ्यात संघ मालिका हरला, तरी काइल यांची कीर्ती तेथेच पसरली म्हणतात. हे कसे?

'लायन्स' म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्या निवडक खेळाडूंचा एकत्रित संघ. महायुद्धानंतरचा हा पहिला दौरा होता, आज ओळखीची झालेली लाल जर्सी त्याच वर्षी प्रथम अंगावर चढली, आणि खेळाडू बोटीने न्यूझीलंडला गेले, तेही शेवटचेच. प्रवास धरून सहा महिने घराबाहेर. काइल तेव्हा बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात वैद्यकाची अखेरची वर्षे काढत होते, आणि मुलगा डॉक्टर होणार तरी कधी, ही वडिलांची काळजी रास्तच होती.

ड्यूनेडिनच्या पहिल्या कसोटीत, मे महिन्यात, काइल यांनी न्यूझीलंडच्या बचावातून वाट काढत एक ट्राय केली. पुढे त्यांनी चेंडू मारून केन जोन्स यांना धावायला मोकळी जागा करून दिली आणि दुसरी ट्राय झाली. लायन्स ९-६ असे पुढे असताना अगदी शेवटी न्यूझीलंडचे कर्णधार रॉन एल्व्हिज यांनी ट्राय करून ९-९ अशी बरोबरी साधली. पुढच्या तीनही कसोटी लायन्स हरले : ०-८, ३-६ आणि ८-११. वेलिंग्टनच्या तिसऱ्या कसोटीत हेच एल्व्हिज जखमी होऊन बाहेर गेले, टाके घालून परतले आणि विजयी ट्राय करून बसले, कारण तेव्हा बदली खेळाडूची सोयच नव्हती.

ऑकलंडच्या चौथ्या कसोटीतील एक ट्राय मात्र पराभवापेक्षा अधिक आठवली जाते. लायन्स आपल्याच गोलरेषेजवळ कोंडले गेले होते. अशा वेळी फ्लाय-हाफने चेंडू बाजूरेषेबाहेर भिरकावून सुटका करून घ्यायची, हा शिरस्ता. काइल लाथ मारणार असे गृहीत धरून सारे उभे होते आणि काइल यांनी पास दिला. तो होता ब्लेडिन विल्यम्स यांच्यासाठी. पण मध्ये लुइस जोन्स घुसले, चेंडू घेऊन सुसाट सुटले आणि त्यांनी तो केन जोन्स यांच्याकडे दिला. केन जोन्स यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवले होते, तेव्हा पुढे काय झाले हे सांगायला नको. लुइस जोन्स एकोणीस वर्षांचे होते, आणि जॉर्ज नॉर्टन जखमी झाल्यामुळे त्यांना विमानाने धाडले होते. (तेच नॉर्टन. त्यांच्या दुखापतींनी आयरिश रग्बीच्या इतिहासात जरा जास्तच जागा व्यापली आहे.)

ऑस्ट्रेलियात दोन्ही कसोटी लायन्सने आरामात जिंकल्या. काइल सहाही कसोटी खेळले. परतीच्या वाटेवर संघ कोलंबोला सिलोनविरुद्ध एक सामनाही खेळला. आपल्या परिसराशी या दौऱ्याचा संबंध आला तो एवढाच. पण न्यूझीलंडमध्ये, जेथे परक्या खेळाडूचे कौतुक सहसा हात राखून होते, तेथील रग्बी वार्षिकाने वर्षातील निवडक खेळाडूंत काइल यांना स्थान दिले. हरलेल्या संघाच्या फ्लाय-हाफला असा मान मिळावा, यात आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : आयर्लंडची १९२१ मध्ये फाळणी झाली. काइल बेलफास्टचे, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातील उत्तरेचे. मग ते आयर्लंडकडून कसे खेळले?

कारण रग्बीची फाळणी झाली नाही. फुटबॉलमध्ये उत्तर व दक्षिण असे दोन संघ झाले. रग्बीची संघटना मात्र साऱ्या बेटासाठी एकच राहिली. बेलफास्टचे काइल, कॉर्कचे मॅकार्थी आणि डब्लिनचे कार्ल मुलन एकाच हिरव्या जर्सीत खेळत.

यात ओढाताण नव्हती असे नाही. आंतरराष्ट्रीय सामने कधी डब्लिनला, कधी बेलफास्टला होत आणि बेलफास्टला ब्रिटिश राष्ट्रगीत वाजे. फेब्रुवारी १९५४ मध्ये रेव्हनहिलला स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्याआधी दक्षिणेतील खेळाडूंनी त्या गीतासाठी उभे राहण्यास हरकत घेतली. पडद्याआड वाटाघाटी झाल्या, गीताचा संक्षिप्त भागच वाजवायचे ठरले, आणि सामना झाला. त्यानंतर आयर्लंडच्या मुख्य संघाचा सामना बेलफास्टला झाला तो थेट ऑगस्ट २००७ मध्ये, इटलीविरुद्ध. ज्या मैदानावर काइल यांच्या संघाने १९४८ चा मान मिळवला ते मैदान अर्धशतकाहून अधिक काळ आयर्लंडच्या मुख्य संघाच्या सामन्यांविना राहिले. खेळाडूंच्या आपसातील मैत्रीला मात्र यामुळे तडा गेला नाही.

प्रश्न (पणजी) : त्यांना खेळाचे मानधन किती मिळत असे?

काहीच नाही. रग्बी युनियन, म्हणजे काइल खेळत तो रग्बीचा प्रकार, १९९५ पर्यंत हौशी खेळ होता आणि पैसे घेणाऱ्याला आयुष्यभरासाठी बाहेर काढले जाई. पैसे हवे असतील तर उत्तर इंग्लंडमधील व्यावसायिक रग्बी लीगकडे जाण्याची वाट खुली होती. १९४८ चे नायक डेली त्याच वर्षी हडर्सफील्डकडे गेले, आणि लुइस जोन्स यांना १९५२ मध्ये लीड्सने सहा हजार पौंडांना घेतले, जी त्या काळी डोळे विस्फारणारी रक्कम होती. काइल १९५१ मध्ये डॉक्टर झाले आणि हौशीच राहिले.

प्रश्न (पुणे, एका डॉक्टर भगिनीचे पत्र) : निवृत्तीनंतर ते आफ्रिकेत गेले असे आपण ओझरते लिहिले होते. त्याविषयी सविस्तर लिहावे.

आपल्या पत्राबद्दल आभार, कारण माझ्या मते काइल यांच्या आयुष्याचा मोठा भाग हाच आहे. त्यांचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना मार्च १९५८ मध्ये डब्लिनला स्कॉटलंडविरुद्ध झाला आणि तो आयर्लंडने जिंकला. त्याआधी जानेवारीत आयर्लंडने ऑस्ट्रेलियाला ९-६ असे हरवून दौऱ्यावर आलेल्या राष्ट्रीय संघावर आपला पहिला विजय मिळवला होता. त्यातील निर्णायक ट्राय कर्णधार नोएल हेंडरसन यांची होती आणि हेंडरसन हे काइल यांच्या बहिणीचे यजमान. तेव्हा काइल यांच्याइतके आंतरराष्ट्रीय सामने जगात कोणी खेळले नव्हते. वय बत्तीस. पुढच्या वर्षी ब्रिटिश सरकारचा किताब मिळाला. अशा माणसाने बेलफास्टमध्ये दवाखाना थाटून नावावर सुखाने जगावे, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार.

ते १९६२ मध्ये इंडोनेशियात सुमात्रा बेटावर दोन वर्षांसाठी गेले, आणि १९६६ मध्ये झांबियात चिंगोला येथे शल्यविशारद म्हणून रुजू झाले. चिंगोला हे तांब्याच्या खाणींचे गाव. झांबियाला स्वातंत्र्य मिळून दोनच वर्षे झाली होती आणि देशात प्रशिक्षित डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके होते. अशा ठिकाणी शल्यविशारदाला 'हे माझ्या शाखेत बसत नाही' म्हणण्याची मुभा नसते. खाणीतील अपघात, अडलेली बाळंतपणे, मोडलेली हाडे, आतड्याला पडलेला पीळ, जे दारात येईल ते हाताळायचे. एखाद्या शस्त्रक्रियेचा सराव नसेल तर आदल्या रात्री पुस्तक उघडायचे. आपल्याकडे तालुक्याच्या गावी एकट्याने काम केलेल्या डॉक्टरांना हे वेगळे सांगायला नको. ते तेथे २००० पर्यंत राहिले, म्हणजे चौतीस वर्षे. एड्सची साथ आफ्रिकेवर कोसळली तो काळही त्यात आला. त्यांच्या रुग्णांतील बहुतेकांना लायन्स कोण आणि ट्रिपल क्राउन म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. कविता वाचण्याचा आणि पाठ म्हणण्याचा नाद मात्र तेथेही सुटला नाही.

परतल्यावर ते डाउन परगण्यातील ब्रायन्सफर्ड या खेड्यात स्थायिक झाले. २००२ मध्ये आयरिश रग्बी संघटनेने त्यांना आयर्लंडचा सार्वकालिक सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवले. ब्रायन्सफर्डलाच नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

प्रश्न (ठाणे) : १९४८ नंतर आयर्लंडला ग्रँड स्लॅम पुन्हा कधी मिळाला? काइल यांना तो पाहता आला का?

पाहता आला, पण एकसष्ट वर्षांनी. २१ मार्च २००९ रोजी कार्डिफमध्ये, १९५१ साली ज्या शहरात दोन गुणांनी घात केला त्याच शहरात आणि त्याच वेल्सविरुद्ध, आयर्लंडने १७-१५ असा विजय मिळवला. शेवटची दोनेक मिनिटे उरली असताना आयर्लंडचे फ्लाय-हाफ रोनन ओगारा यांनी ड्रॉप गोल मारला. काइल यांनी आयर्लंडसाठी सगळ्या कारकिर्दीत एकच ड्रॉप गोल मारला होता, १९५६ मध्ये डब्लिनला, आणि तोही वेल्सविरुद्धच. ओगारांच्या गोलनंतर वेल्सला दूरवरून पेनल्टी मिळाली. ती स्टीफन जोन्स यांनी मारली आणि चेंडू गोलखांबांपर्यंत पोहोचण्याआधीच खाली आला. त्र्याऐंशी वर्षांचे काइल प्रेक्षकांत बसले होते. सामना संपल्यावर कर्णधार ब्रायन ओड्रिस्कॉल घामाने चिंब जर्सीतच त्यांना भेटले, त्या भेटीचे छायाचित्र उपलब्ध आहे. म्हातारबुवा त्यात अगदी व्यवस्थित टाय लावून उभे आहेत.